गोष्ट सांगताना मध्येच थांबा

मुलांना गोष्टी सांगण्याबद्दल तुमच्या मनात काय शंका आहेत, असं मागच्या अंकात विचारलं होतं. कोल्हापूर शहरातून आणि आसपासच्या तालुक्यांतून आलेल्या पत्रांपैकी आठ प्रश्न इथे घेतले आहेत. बहुतेकांनी विचारलंय, "कुठली गोष्ट सांगू?" गोष्टीची निवड महत्त्वाची आहेच, पण मुलाचा आत्मविश्वास आणि जिज्ञासा वाढायची तर गोष्ट सांगताना त्याच्यासाठी किती जागा सोडता, याने जास्त फरक पडतो असं आमचं ठाम मत आहे. म्हणून उत्तरांत पुस्तकांच्या नावांपेक्षा सांगण्याच्या पद्धतीवर भर दिलाय.

मुलगी साडेचार वर्षांची आहे. घरात दिवसभर बडबड चालू असते, पण बालवाडीत आणि पाहुण्यांसमोर तोंड उघडत नाही. झाशीच्या राणीची गोष्ट सांगितली, हिरकणीची सांगितली. आवडीने ऐकते, पण फरक काही नाही. आत्मविश्वास वाढवणाऱ्या गोष्टी कुठल्या?
– एक आई, शाहूपुरी

झाशीची राणी आणि हिरकणी जरूर सांगा, पण या कामाला त्या उपयोगी पडणार नाहीत. तुमच्या मुलीला उद्या कडा उतरायचा नाहीये. तिला उद्या बाईंना "पाणी प्यायला जाऊ?" एवढं विचारायचंय. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बंडुरा यांनी १९७७ मध्ये मांडलं की 'हे मला जमेल' हा विश्वास सगळ्यात जास्त येतो तो स्वतः करून बघितल्याने, आणि त्याखालोखाल आपल्यासारख्या कुणाला ते जमताना बघून. म्हणून गोष्टीतली मुलगी तिच्याच वयाची हवी, तिलाही तसंच अवघड वाटायला हवं, आणि पहिल्या झटक्यात तिला जमता कामा नये. कधीच न अडखळणारी नायिका लाजऱ्या मुलाला आणखी लांबची वाटते.

अशी पाच मिनिटांची गोष्ट तुम्हीच रचा. समजा, चिमीला कोपऱ्यावरच्या दुकानातून दही आणायचंय. पहिल्यांदा ती गर्दी बघून परत येते. दुसऱ्यांदा पायरीवर उभी राहते, पण आवाज इतका बारीक की दुकानदाराला ऐकूच जात नाही. इथे थांबा. "आता चिमीनं काय करावं गं?" विचारा आणि गप्प बसा. मनात सावकाश पाच आकडे मोजा. मुलगी जे सुचवेल ते गोष्टीत घ्या. तिने सांगितलं "उडी मारावी", तर चिमी उडी मारेल, दुकानदार हसून विचारेल, "काय पायजे बाळ?" काहीच सुचवलं नाही तर चिमी वाटी फळीवर टण्णकन ठेवेल, दुकानदार बघेल आणि ती म्हणेल, "दही." एकच शब्द पुरे, लगेच भाषण करायला लावू नका. दोनदा फसणं, मग स्वतःची युक्ती, मग छोटंसं यश, एवढाच सांगाडा आहे. आई, परी किंवा पोलीसकाका ऐनवेळी येऊन सोडवणार असतील तर सगळं फुकट गेलं.

हे बहुतेक तीन ठिकाणी फसतं. नायिकेला मुलीचंच नाव दिलं की मुलं लगेच ओळखतात आणि आक्रसतात. पाहुणे गेल्या गेल्या, त्याच संध्याकाळी गोष्ट सांगितली की ती बोलणी खाल्ल्यासारखी वाटते. मध्ये दोन-तीन दिवस जाऊ द्या. आणि तिसरं, शेवटी "बघ, चिमी बोलली की नाही? मग तू का बोलत नाहीस?" हे वाक्य. ते कितीही तोंडावर आलं तरी गिळा.

गोष्टीनंतर आठवड्याभरात तिला खरी संधी द्या. मंडईत तिच्या हातात दहाची नोट द्या, "कोथिंबीर" एवढा शब्द तिने म्हणायचा. तुम्ही शेजारी उभ्या राहा, पण तिच्या वतीने बोलू नका. भाजीवाल्या मावशींना आधी डोळ्यांनी खूण करून ठेवलीत तर त्याही थांबतील.

शाळेचा पहिला महिना सोडून द्या. त्यानंतरही महिन्याहून जास्त काळ मुलगी घरी बोलते आणि शाळेत अजिबातच बोलत नाही असं दिसलं, तर बालरोगतज्ज्ञांना किंवा बालमानसोपचारतज्ज्ञांना दाखवा. ठरावीक ठिकाणीच बोलणं बंद होण्याचा हा त्रास डॉक्टरांच्या ओळखीचा आहे आणि त्यावर उपचार आहेत. "लाजरी आहे हो" म्हणत वर्ष घालवू नका.

नातू सहा वर्षांचा. रोज रात्री गोष्ट लागते, पण एक वाक्य झालं की प्रश्न. भोपळा कसा पळेल? म्हातारी आत मावली कशी? वाघाला वास नाही का आला? गोष्ट शेवटाला जातच नाही. सून म्हणते, सगळ्या प्रश्नांची उत्तरं द्या, जिज्ञासा मारू नका. मला तर धाप लागते. काय करू?
– एक आजी, शिवाजी पेठ

आजी, सगळ्या प्रश्नांची उत्तरं तुम्ही द्यायची काही गरज नाही. प्रश्नांचे तीन ढीग करा.

शब्दाचा प्रश्न असेल, "लेक म्हणजे काय?" असा, तर एका वाक्यात सांगून पुढे जा. गोष्टीतला प्रश्न असेल, "वाघाला वास का नाही आला?" असा, तर तो त्याच्याकडेच परत टाका: "का बरं आला नसेल?" तो म्हणेल वाघाला सर्दी झाली होती. झाली तर झाली, गोष्टीतल्या वाघाला सर्दी. तिसरा ढीग जगाबद्दलच्या प्रश्नांचा: "खरा भोपळा पाण्यात तरंगतो का?" हे प्रश्न सोन्यासारखे आहेत, पण रात्री नऊला नकोत. चिठ्ठीवर लिहून एका डब्यात टाका आणि आठवड्यातून एक, फक्त एकच, चिठ्ठी काढून दिवसा करून बघा. बादलीभर पाणी घ्या, अख्खा लाल भोपळा आणि बटाटा सोडा. एवढा थोरला भोपळा तरंगतो आणि चिमुकला बटाटा तळाला जातो, कारण भोपळ्याच्या आत पोकळी असते. मग संत्रं: सालासकट तरंगतं, सोललं की बहुधा बुडतं. आधी "काय होईल?" विचारून त्याचा अंदाज घ्या, मगच पाण्यात सोडा. अंदाज चुकला की मूल पुढचा प्रश्न आपणहून विचारतं.

थांबायचं कुठे आणि किती, तेही ठरवून ठेवा. दहा मिनिटांच्या गोष्टीत तीन, फार तर चार थांबे. जास्त झाले की धागा तुटतो आणि मुलं कंटाळतात. सगळ्यात चांगला थांबा म्हणजे काहीतरी घडणार त्याच्या जरा आधी. अमेरिकेत मेरी बड रो या संशोधिकेने १९७०च्या दशकात वर्गांमधली संभाषणं तपासली. प्रश्न विचारल्यावर शिक्षक जेमतेम एक सेकंद थांबत होते. तोच वेळ तीन सेकंदांच्या वर नेल्यावर मुलांची उत्तरं लांबली, एरवी गप्प असणारी मुलं बोलू लागली आणि मुलांचे स्वतःचे प्रश्न वाढले. तीन सेकंद ऐकायला किरकोळ वाटतात, पण गप्प राहून बघा, फार वाटतात. "एक अंबाबाई, दोन अंबाबाई, तीन अंबाबाई" असं मनात म्हणा.

उत्तर येत नसेल तेव्हा "मला ठाऊक नाही, उद्या बघू" म्हणा आणि उद्या खरोखर बघा. "असंच असतं ते" या उत्तराने प्रश्न विचारायची सवय मरते.

कोल्हापूरच्या मुलांसाठी तर एक मोठा प्रश्न घरबसल्या आहे. अंबाबाईचं देऊळ पश्चिमेकडे तोंड करून आहे आणि किरणोत्सवात, म्हणजे ९, १०, ११ नोव्हेंबर आणि ३१ जानेवारी, १, २ फेब्रुवारीला, मावळत्या सूर्याची किरणं गाभाऱ्यात मूर्तीपर्यंत पोचतात. नातवाला गोष्टीसारखं सांगा आणि थांबा: "रोज का पोचत नसतील?" आणि त्याहून अवघड, "वर्षातून दोनदाच का?" सूर्य रोज एकाच जागी मावळत नाही. जूनअखेरपासून त्याची मावळायची जागा दक्षिणेकडे सरकत जाते, २१-२२ डिसेंबरला वळते आणि परत उत्तरेकडे येऊ लागते. म्हणजे वाटेतल्या त्याच जागेवरून तो दोनदा जातो, एकदा जाताना आणि एकदा येताना. कॅलेंडर पुढ्यात घेऊन दिवस मोजायला लावा: १० नोव्हेंबरपासून २१ डिसेंबरपर्यंत ४१ दिवस, तिथून १ फेब्रुवारीपर्यंत ४२. हा हिशेब जुळताना बघून सहा वर्षांच्या मुलाचे डोळे मोठे झाले नाहीत तर नवल.

घरात पश्चिमेची खिडकी असेल तर दर रविवारी संध्याकाळी बरोबर साडेपाचला भिंतीवरच्या उन्हाच्या कडेला पेन्सिलीने खूण करा आणि तारीख लिहा. सहा आठवडे करा. वेळ बदलली की खुणा फसतात, एवढं सांभाळा. आणि सूर्याकडे थेट बघायचं नाही, भिंतीकडेच बघायचं. खुणा सरकताना दिसल्या की नातवाला म्हणा, आता या उन्हाची गोष्ट तू सांग.

मी कागल एमआयडीसीत कामाला आहे, शिफ्ट बदलती. पोरगं सात वर्षांचं, दुसरीत. मोबाइलवर गोष्टी बघतंय, तेवढंच शांत बसतंय. माझं शिक्षण दहावी, मोठ्यानं वाचताना अडखळतो. मोबाइलवरच्या गोष्टी चालतील का? दिवसाला पंधरा मिनिटांच्या वर वेळ निघत नाही बघा.
– एक वडील, कागल

पंधरा मिनिटं भरपूर झाली. आठवड्यातून चार दिवस मिळाले तरी चालेल, पण ठरलेले चार दिवस चुकवू नका.

मोबाइलवरची गोष्ट मुलाला समजलं का, याची वाट बघत नाही. चित्र, आवाज, हसू सगळं आयतं येतं. म्हणून गोष्ट मोबाइलवर असली तरी तुम्ही शेजारी बसा आणि तीन वेळा थांबवा. "आता काय होईल?" हा एकच प्रश्न पुरतो. त्याला एकट्याला फोन देऊन उठून गेलात तर ती करमणूक झाली. तीही अधूनमधून असू दे, पण तिची गणती गोष्टीत करू नका.

अडखळत वाचण्याचं मनाला लावून घेऊ नका. बाप एक शब्द दोनदा चुकून तिसऱ्यांदा बरोबर वाचतो, हे मुलाने बघणं चांगलंच आहे. शिवाय अक्षरं न वाचताही पुस्तक वाचता येतं. चित्राच्या पानावर बोट ठेवा आणि विचारा, "इथं काय चाललंय?" तो सांगेल. मग, "कशावरून वाटलं तुला?" हा प्रश्न सगळ्यात मोलाचा, कारण त्याने मूल पुरावा शोधायला लागतं. शेवटी, "आणखी काय दिसतंय?" तीन-चार पानं झाली की दहा मिनिटं संपतात.

तुमच्या कामाची गोष्ट सांगितलीय का कधी? आपल्या भागात फाउंड्र्या कमी नाहीत. ओतकाम बघितलं असेल तर तेच सांगा: वाळूचा साचा केला, वाळूत ओल जास्त राहिली, वर तापलेला रस ओतला, आणि... थांबा. "काय झालं असेल?" ओलीची वाफ झाली, तिला बाहेर पडायला वाट मिळाली नाही, आणि थंड झाल्यावर कास्टिंगमध्ये भोकं निघाली. मग सगळ्यांनी मिळून कारण कसं शोधलं, दुसरा साचा कसा केला. चूक होते, कारण सापडतं, पुन्हा करतात, हे सगळं यात आहे आणि मुलाला ते बापाच्या तोंडून मिळतं.

रात्रपाळीच्या आठवड्यात गोष्ट फोनवर रेकॉर्ड करून ठेवा. चार-पाच मिनिटांची पुरे. "आता तू आईला सांग, पुढं काय होईल?" असं म्हणून मध्ये सहा-सात सेकंद मोकळे सोडा, मग पुढे चला. पंखा बंद करून, फोन तोंडापासून वीतभर लांब धरून बोला, म्हणजे आवाज फाटत नाही.

त्याने रोज तीच गोष्ट मागितली तर द्या. इंग्लंडमध्ये जेसिका हॉर्स्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ मध्ये तीन वर्षांच्या मुलांवर केलेल्या अभ्यासात, तीच गोष्ट पुन्हा पुन्हा ऐकलेली मुलं नवे शब्द जास्त चांगले शिकली. तेच शब्द वेगवेगळ्या गोष्टींतून ऐकणारी मागे राहिली. तुमचा मुलगा त्याहून मोठा आहे, म्हणून तिसऱ्या-चौथ्या वेळी सांगायचं काम त्याच्याकडे द्या आणि तुम्ही मुद्दाम चुकीचं बोला. तुम्हाला दुरुस्त करताना तो काय तोऱ्यात येतो ते बघा.

पुस्तकांवर खर्च करायची गरज नाही. १८५० पासून चालू असलेल्या करवीर नगर वाचन मंदिरात मुलांसाठी पुस्तकं मिळतात. बालभारतीच्या 'किशोर' मासिकाचे १९७१ पासूनचे जुने अंक त्यांच्या संकेतस्थळावर फुकट वाचता येतात. प्रथम बुक्सच्या 'स्टोरीवीव्हर' या संकेतस्थळावर मराठी गोष्टी फुकट आहेत, एक ते चार अशा पातळ्यांनुसार. त्याला स्वतः वाचायचं असेल तेव्हा एका पानावर पाचपेक्षा जास्त शब्द अडले तर त्याच्या खालची पातळी घ्या.

मुलगा पाच वर्षांचा, हल्ली खोटं बोलायला लागलाय. "लांडगा आला रे आला" कितीदा सांगून झाली, तात्पर्यही समजावलं. परिणाम शून्य.
– एक आई, राजारामपुरी

परिणाम शून्य येणं अपेक्षितच होतं. कांग ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॅनडात तीन ते सात वर्षांच्या मुलांवर केलेला प्रयोग २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. खोलीत एक खेळणं ठेवून मुलांना "वळून बघू नकोस" सांगितलं, मग एक गोष्ट वाचून दाखवली आणि नंतर विचारलं, "बघितलंस का?" लांडग्याची गोष्ट आणि खोटं बोलल्यावर नाक लांब होणाऱ्या लाकडी बाहुल्याची गोष्ट ऐकलेली मुलं खरं बोलण्यात पुढे गेली नाहीत. फरक पडला तो लहानग्या जॉर्ज वॉशिंग्टनच्या गोष्टीने, ज्यात तो चेरीचं झाड तोडल्याचं वडिलांजवळ कबूल करतो आणि वडील त्याच्या खरेपणावर खूश होतात. संशोधकांनी त्याच गोष्टीचा शेवट बदलून कबुलीचा परिणाम वाईट दाखवला, तेव्हा तो फरकही नाहीसा झाला.

म्हणजे खोटं बोलल्यावर काय वाईट होतं हे तुम्ही ठासून सांगत होता. खरं बोलल्यावर काय चांगलं होतं ते गोष्टीत नव्हतंच. आता उलटं करा. मुलाच्या हातून कप फुटतो, तो कप सोफ्याखाली सरकवतो, पोटात गोळा येतो, शेवटी आईला सांगतो. आई म्हणते, "सांगितलंस, बरं झालं. चप्पल घाल, काचा गोळा करू." एवढीच गोष्ट. आणि पुढच्या वेळी तुमच्या घरात खरंच काही फुटेल तेव्हा असंच वागा. नाहीतर गोष्टीवरचा त्याचा विश्वास जाईल आणि तो परत मिळवणं कठीण असतं.

तात्पर्य सांगणं बंद करा. त्याऐवजी विचारा, "तुला कोण आवडलं? कोणाचा राग आला?" वागणुकीबद्दलच्या गोष्टीत शक्यतो माणसं घ्या. वाटून घेण्यावरच्या एका प्रयोगात, २०१७ च्या सुमाराला, माणसांची गोष्ट ऐकलेल्या मुलांनी आपली स्टिकर्स जास्त वाटली. कपडे घातलेल्या प्राण्यांच्या गोष्टीने तसं झालं नाही. पण म्हणून चिऊ-काऊला घराबाहेर काढू नका. भाषेची गंमत, ताल आणि "थांब माझ्या बाळाला..." म्हणताना येणारं हसू त्यांच्यासारखं दुसरीकडे मिळत नाही. पाच वर्षांच्या मुलाने थोडंफार खोटं बोलणं हे वाढीच्या ओघात होतंच, घाबरून जाऊ नका.

मुलं इंग्रजी माध्यमात. गोष्टी इंग्रजीतून सांगाव्यात का?
– एक आई, ताराबाई पार्क

ज्या भाषेत तुम्ही न अडखळता चिडवू शकता, घाबरवू शकता, लाड करू शकता, त्या भाषेत सांगा. कोल्हापुरात ती बहुधा मराठीच असेल. मुलाने उत्तर इंग्रजीत दिलं तर टोकू नका, तुम्ही मराठीतच पुढे चला.

राधानगरी तालुक्यातली जिल्हा परिषदेची शाळा, पहिली ते चौथी मिळून २६ मुलं. गोष्ट सांगून प्रश्न विचारला की तीच चार मुलं हात वर करतात. बाकीच्यांना कसं बोलतं करू?
– एक शिक्षक

सर, हात वर करणं काही दिवस बंदच ठेवा. ज्याला आधीच येतं त्यालाच त्यात बोलायला मिळतं.

आदल्या दिवशी गोष्ट वाचून तीन थांब्यांवर पेन्सिलीने फुल्या मारून ठेवा. मुलांना अर्धगोलात जोड्यांनी बसवा, एक मोठा आणि एक लहान. थांब्यावर प्रश्न विचारल्यावर पाच सेकंद सगळे गप्प. मग एक मिनिट जोडीत बोलायचं, आणि नियम असा की आधी लहान बोलणार. नियम केला नाही तर चौथीतला मुलगा सगळं मिनिट खाऊन टाकतो. दीड मिनिटाच्या पुढे गेलात तर गोंगाट सुरू होतो, म्हणून टाळी ठरवून ठेवा. आता आइस्क्रीमच्या काड्यांवर नावं लिहून डब्यात टाकलेली असतील, त्यांतली एक काढा आणि विचारा, "तुझा जोडीदार काय म्हणाला?" दुसऱ्याचं मत सांगायला मुलं बिचकत नाहीत, कारण चुकलं तर ते आपलं नसतं. दोन-तीन आठवड्यांनी "आणि तुला काय वाटतं?" जोडा.

प्रश्न उघडे ठेवा. "वाघ कुठं बसला होता?" याला एकच उत्तर असतं, ते आलं की बोलणं संपतं. "वाघ तिथंच का बसला असेल?" याला सव्वीस उत्तरं निघतील. उत्तर आल्यावर लगेच "बरोबर" म्हणू नका, नाहीतर बाकीची मुलं विचार थांबवतात. "आणखी कोणाचं वेगळं?" म्हणा.

शाबासकीही जपून द्या. म्युलर आणि ड्वेक यांनी १९९८ मध्ये पाचवीच्या मुलांवर केलेल्या प्रयोगांत "तू हुशार आहेस" अशी स्तुती मिळालेली मुलं पुढच्या अवघड कामात अपयश आल्यावर लवकर ढेपाळली; मेहनतीची स्तुती मिळालेली टिकून राहिली. त्यामुळे "हुशार!" न म्हणता नेमकं सांगा: "पायाच्या ठशावरून ओळखलंस तू!"

मूल म्हणालं, "वाघ हिकडनं आलता," तर मध्येच शुद्ध करू नका. "हो, वाघ इकडून आला होता, आणि पाणवठ्यावर थांबला," असं तुमच्या वाक्यात थोडं वाढवून परत द्या. त्याला प्रमाण भाषा ऐकायला मिळते आणि आपलं बोलणं घेतलं गेलं हेही कळतं. एकदा टोकलेलं मूल महिनाभर गप्प बसतं.

आणि तुमच्या शाळेला एक मोठा फायदा आहे. दाजीपूरचं गव्यांचं अभयारण्य तुमच्याच तालुक्यात आहे. गव्याच्या पायाला गुडघ्याखाली पांढरा मोजा असतो, तो कळपाने फिरतो, शेतात कधी उतरतो, हे तुमच्या मुलांना पुस्तकापेक्षा जास्त ठाऊक असेल. गव्याची गोष्ट अर्धी सांगा आणि मुलांना म्हणा, यात चूक कुठे आहे ते दाखवा. मुद्दाम दोन चुका पेरा. मागच्या रांगेतली मुलं त्या दिवशी पुढे येतील.

आमचं गाव करवीर तालुक्यात पंचगंगेच्या काठावर. २०१९ आणि २०२१ ला घर सोडून जावं लागलं. मुलगी दहा वर्षांची, पाऊस लागला की झोपत नाही. पुराची गोष्ट सांगावी की विषयच काढू नये?
– एक आई

सांगावी, पण दिवसा, आणि तिच्या हाताला काम देणारी. विषय टाळला की मुलं मोठ्यांच्या कुजबुजीतून स्वतःच्या गोष्टी रचतात आणि त्या खऱ्यापेक्षा भीषण असतात.

नायिका मुलगी, पावसाळ्यात वही घेऊन बसणारी. राजाराम बंधाऱ्यावरची पाणीपातळी रोज लिहिते. ३९ फूट म्हणजे इशारा, ४३ फूट म्हणजे धोका, हे तिला पाठ आहे. कुठल्या आकड्याला काय करायचं ते तिने ठरवलंय: ३५ ला दप्तर, कागदपत्रं आणि औषधं प्लास्टिकच्या पिशवीत, ३७ ला जनावरांचं दावं सोडायची तयारी, ३९ ला आत्याकडे. हे टप्पे तुमच्या गावाच्या उंचीप्रमाणे बदला आणि मुलीलाच ठरवू द्या. राधानगरी धरणाचे सात स्वयंचलित दरवाजे गोष्टीत आणा. धरण भरलं की पाण्याच्याच दाबाने ते उघडतात आणि पातळी उतरली की आपोआप मिटतात. "माणूस नसताना ते कसं जमत असेल?" इथे थांबा. भीतीच्या जागी प्रश्न आला की अंग जरा सैल होतं.

गोष्टीचा शेवट "आणि पूर आलाच नाही" असा करू नका, ते खोटं आश्वासन होईल. पूर आला, ते वेळेवर निघाले, वही कोरडी राहिली, पाणी उतरल्यावर त्यांनी चिखल उपसला. झोप, जेवण किंवा शाळा महिनाभर बिघडलेली राहिली तर समुपदेशकाची मदत घ्या.

मुलगी आठ वर्षांची, स्वतः गोष्टी रचते आणि विसरून जाते. त्या कशा जपाव्यात?
– एक वडील, गडहिंग्लज

एका ए-फोर कागदाचं आठ पानांचं पुस्तक होतं, ना शिवण ना डिंक. कागद आडवा ठेवा. वरची कड खालच्या कडेला जुळवून घडी घाला, उलगडा. डावी कड उजवीला जुळवून घडी घाला, पुन्हा एकदा तशीच घडी घाला आणि सगळं उलगडा. आठ चौकोन दिसतील. आता डावी कड उजवीवर आणून एकच घडी घाला. जी बाजू दुमडलेली आहे तिथून आडव्या रेषेवर कात्री चालवा आणि एक चौकोन संपला की थांबा. पुढे कापलं तर पुस्तक दोन तुकडे होतं, बहुतेकांचं इथेच चुकतं. उलगडा, मधोमध चीर दिसेल. लांबट घडी घाला, चीर वर येऊ द्या, दोन्ही टोकं धरून आत ढकला, चीर फुगून चौकट होईल, ती दाबून पानं एका बाजूला वळवा.

आधी घडी, मग पानांवर आकडे, मग लिखाण. उलगडलेल्या कागदावर लिहिलं तर अर्धी पानं उलटी येतात. मुखपृष्ठ आणि मलपृष्ठ सोडून सहा पानं उरतात. तिला ती अशी वाटून द्या: पहिल्यावर कोण आणि कुठे, दुसऱ्यावर अडचण, तिसऱ्या-चौथ्यावर फसलेले प्रयत्न, पाचव्यावर युक्ती, सहाव्यावर पुढे काय झालं. तिला ही वाटणी मोडायची असेल तर मोडू द्या. लिहायचा कंटाळा आला तर ती सांगेल तसं तुम्ही लिहा, तिच्याच शब्दांत, "हुतं" असेल तर "हुतं". शुद्धलेखन तपासायचं दुसरं पुस्तक घरात पुष्कळ आहे, शाळेची वही. मुखपृष्ठावर लेखिकेचं नाव आणि तारीख घालायला विसरू नका, आणि मलपृष्ठावर वाचणाऱ्याने एक प्रश्न लिहायचा, म्हणजे दुसरा भाग काढायला तिला कारण मिळेल.